ग्रेड टू म्हणजे ‘फक्त बाहेरून’ नाही: लिस्टेड घराची भिंत पाडायच्या आधी

पत्र असं आलंय, थोडं छोटं करून देतेय:

“नमस्कार ताई, आम्ही दोघं गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये आहोत. मागच्या वर्षी बाथजवळच्या एका गावात दगडी टेरेसमधलं, म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या रांगेतलं, जुनं घर घेतलं, १७९० च्या आसपासचं, ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे संरक्षित इमारतींच्या राष्ट्रीय यादीतलं. आता किचन आणि डायनिंगमधली भिंत काढून एकच मोठी खोली करायचीय, पुढच्या सॅश (वरखाली सरकणाऱ्या) खिडक्या काढून डबल ग्लेझिंगच्या, दुहेरी काचेच्या, नव्या बसवायच्यात कारण हिवाळ्यात घर तापतच नाही, आणि खालच्या खोलीत भिंतीला ओल येते ती बंद करायचीय. बिल्डर म्हणतो ग्रेड टू म्हणजे फक्त पुढची बाजू जपायची, आत काय हवं ते करा. शेजारचे आजोबा म्हणतात तुरुंगात जाल. बाबा भारतातून म्हणतात स्वतःच्या घरात भिंत पाडायला लोकांना कशाला विचारायचं. शिवाय आधीच्या मालकाने वरच्या बेडरूममधली जुनी फायरप्लेस काढून टाकलीय, त्याची परवानगी कुठेच सापडली नाही, तेव्हा सॉलिसिटरने त्यासाठी एक इन्शुरन्स काढून दिला होता. बिल्डर पुढच्या महिन्यात सुरू करतोय. नक्की कोणाचं खरं धरायचं?”

आधी एक काम करा, बिल्डरला आजच मेसेज टाका की तारीख पुढे गेलीय. डिपॉझिट दिलं असेल तरी, त्याचा माणूस रिकामा बसणार असेल तरी. मग हे खालचं सावकाश वाचा, दोघांनी मिळून वाचा.

आजोबा जरा जास्त घाबरवतायत, पण तिघांपैकी खऱ्याच्या सगळ्यात जवळ तेच आहेत आणि बिल्डर सगळ्यात लांब आहे. हे ‘ग्रेड टू म्हणजे फक्त बाहेरून’ प्रकरण मी इतक्या लोकांच्या तोंडून ऐकलंय की आता काळजीच वाटते, कारण ऐकणारा माणूस खूश होतो आणि कामाला लागतो. इंग्लंडमध्ये लिस्टिंग होतं ते अख्ख्या इमारतीचं, बाहेरून, आतून, जिना, दारं, छताची नक्षी, भिंतीत बसवलेली कपाटं, फरशा, सगळं त्यात आलं. ग्रेड वन, ग्रेड टू स्टार आणि ग्रेड टू हे इमारतीचं महत्त्व किती ते सांगतात, कायदा किती लागू ते नाही. यादीतल्या पावणेचार लाखांवर नोंदींपैकी जवळपास ९२ टक्के ग्रेड टूच आहेत, ग्रेड वन जेमतेम अडीच टक्के, म्हणजे बिल्डरचं खरं मानलं तर देशातल्या बहुतेक लिस्टेड घरांच्या आत काहीही करायला मोकळीक आहे असा अर्थ होतो आणि तसं मुळीच नाहीये. फरक पडतो तो अर्ज बघताना, ग्रेड वन आणि टू स्टारच्या कामांमध्ये हिस्टॉरिक इंग्लंड या जुन्या वास्तूंसाठीच्या सरकारी संस्थेचं मत घेतलं जातं, ग्रेड टूच्या बहुतेक अर्जांचा निर्णय काउन्सिल स्वतःच देतं.

अजून एक गोष्ट, जिच्यात चांगले शिकलेले लोक फसतात. हिस्टॉरिक इंग्लंडच्या साइटवर राष्ट्रीय यादी आहे, तिथे तुमच्या घराची नोंद उघडून बघा. बहुतेक चारपाच ओळी असतील, दगड कुठला, मजले किती, खिडक्या कशा, बस. घराच्या आतलं एक अक्षर नसेल. त्यावरून ‘आतलं लिहिलंच नाही म्हणजे आतलं संरक्षित नाही’ असा अर्थ काढू नका, जुन्या नोंदी मुळात घर ओळखता यावं एवढ्यापुरत्या लिहिल्या होत्या, खूप वेळा लिहिणारा माणूस आत गेलेलाही नसायचा. २०१३ च्या कायद्यानंतर नव्या किंवा सुधारलेल्या नोंदींमध्ये अमुक भाग महत्त्वाचा नाही असं स्पष्ट लिहिता येतं, पण तसं लिहिलेलं असेल तरच, गप्प राहिलेल्या नोंदीचा फायदा आपल्याला मिळत नाही. आणि घराबरोबर आवारातल्या जुन्या गोष्टीही येतात हं, घराच्या हद्दीत १ जुलै १९४८ च्या आधीपासून उभी असलेली कंपाउंडची भिंत, शेड, बाहेरचा जुना संडास, ते सगळं सहसा लिस्टिंगमध्येच मोजतात. मागची पडकी भिंत बिल्डर ‘हे तर असंच काढून टाकू’ म्हणत असेल तर तेही थांबवा.

आता कायदा नेमकं काय म्हणतो. हा १९९० चा लिस्टेड इमारतींचा वेगळा कायदा आहे, नेहमीच्या प्लॅनिंगच्या, म्हणजे बांधकाम परवानगीच्या, कायद्याहून वेगळा. त्याचं सांगणं थोडक्यात असं की इमारतीची जी खास वास्तुशास्त्रीय किंवा ऐतिहासिक ओळख आहे, तिच्यावर परिणाम होईल असं पाडकाम, बदल किंवा वाढीव बांधकाम करायचं असेल तर आधी लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट, म्हणजे काउन्सिलची खास परवानगी, घ्यायचा. सगळं या ‘परिणाम होईल असं’ वर आहे. काम मोठं की छोटं, दिसतं की नाही, महाग की स्वस्त, हे प्रश्नच नाहीत. मागच्या बाजूला नवं टॉयलेट सीट बसवलं तर कुणी विचारणार नाही, पण दोनशे वर्षांचा एक दरवाजा काढून गॅरेजमध्ये ठेवला तर तो विषय होऊ शकतो. आणि हा कन्सेंट प्लॅनिंग परमिशनच्या वर आहे, तिच्या बदल्यात नाही. भिंत पाडताना बिल्डिंग रेग्युलेशन्स वेगळे, टेरेस आहे म्हणून शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीला धक्का लागत असेल तर १९९६ चा पार्टी वॉल कायदा वेगळा. एक मिळालं म्हणजे बाकीची मिळाली असं होत नाही.

तुमची तीन कामं घेते.

भिंत. ही सगळ्यात अवघड आहे आणि तिला कन्सेंट लागणारच, यात मला शंका नाही. १७९० च्या टेरेसमध्ये पुढची खोली, मागची खोली, मध्ये भिंत, बाजूने पॅसेज आणि जिना, ही मांडणी हीच त्या घराची ओळख असते, कुठली खोली पाहुण्यांची, कुठली कामाची, कुठे चांगली नक्षी केली आणि कुठे साधं ठेवलं ते त्या भिंतींवरून कळतं. म्हणून अख्खी भिंत काढायच्या अर्जाला नकार येऊ शकतो. पण त्याच जागी रुंद दार किंवा दोन्ही बाजूंना थोडी थोडी भिंत आणि वरती पट्टा तसाच ठेवून मधे मोठी ओपनिंग, म्हणजे इथे दोन खोल्या होत्या हे दिसत राहील, असं मागितलं तर बऱ्याच ठिकाणी बोलणी पुढे सरकतात. आणि आधी हे शोधा की ती भिंत खरंच मूळची आहे का. कधीकधी ती १९६० मधली प्लास्टरबोर्डची निघते आणि मग अर्जाचा सूरच बदलतो, कारण नंतरची फालतू भिंत काढून मूळ खोली मोकळी करणं हे घराच्या भल्याचं असू शकतं. पण ते तपासायला म्हणून हातोडा घेऊन भोक पाडू नका. जुन्या घरांचं काम करणाऱ्या सर्व्हेयरला बोलवा.

खिडक्या. जुन्या सॅश काढून नव्या डबल ग्लेझिंगच्या बसवणं म्हणजे चौकट, पातळ लाकडी पट्ट्या, आणि नशीब असेल तर ती जुनी हाताने बनवलेली किंचित लहरी दिसणारी काच, सगळं कचऱ्यात. कन्सेंट लागतो आणि मूळ खिडक्या असतील तर मिळणं कठीण. मला स्वतःलाही इथे काउन्सिलचंच पटतं, कारण त्या काळचं सावकाश वाढलेलं लाकूड आज बाजारात मिळत नाही आणि नव्या डबल ग्लेझिंगचं सील वीसपंचवीस वर्षांत गेलं की पुन्हा खर्च. थंडीसाठी आधी फटी बंद करून घ्या, सॅश दुरुस्त करून ड्राफ्ट प्रूफिंग केलं की फरक लगेच कळतो आणि त्याला सहसा कन्सेंट लागत नाही. मग आतून सेकंडरी ग्लेझिंग, म्हणजे मूळ खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला दुसरी पातळ चौकट. ती काढता येते, म्हणून काउन्सिल तिच्याकडे चांगल्या नजरेने बघतात, कित्येकदा कन्सेंटशिवायही चालते, पण तुमच्या काउन्सिलचं काय म्हणणं ते लेखी विचारून घ्या.

ओल. याच्यावर मी जास्त बोलणार आहे कारण लोक याला ‘दुरुस्ती’ समजून विचारतच नाहीत आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. तुमच्या घराच्या भिंती भरीव आहेत, मध्ये पोकळी नाही, दगड आणि चुना. पाऊस पडला की भिंत थोडं पाणी घेते आणि कोरडं पडलं की सोडते, चुना ते बाहेर जाऊ देतो, त्याच भरवशावर ती एवढी वर्षं उभी आहे. मग कुणीतरी येऊन बाहेरचे सांधे सिमेंटने भरतो, आतून सिमेंटचा गिलावा करतो, वर प्लास्टिक पेंट, आणि पाण्याला बाहेर पडायला वाटच राहत नाही, ते दगडातून बाहेर यायला बघतं आणि बाथचा दगड मऊ, त्याचे पापुद्रे सुटायला लागतात, आतली लाकडी तुळई कुजते, आणि ओल दुसऱ्याच खोलीत दिसायला लागते. तेव्हा बिल्डर जे ‘भिंतीत ओल अडवणाऱ्या रसायनाचं इंजेक्शन मारू आणि सिमेंटने प्लास्टर करून टाकू’ म्हणत असेल (पत्रात नाही पण मला जवळजवळ खात्री आहे की म्हणाला असेल) त्याला स्पष्ट नाही म्हणा. जुना चुन्याचा गिलावा उपटून सिमेंट लावणं हा बदल धरला जातो, दुरुस्ती नाही, म्हणजे कन्सेंट लागतो. जे होतं त्याच मालाने, त्याच पद्धतीने, खराब झालं तेवढंच दुरुस्त करणं याला सहसा लागत नाही. आणि ओल कुठून येते ते आधी बघा, पन्हाळं तुंबलंय का, पावसाच्या पाण्याचा पाइप फुटलाय का, बाहेरची जमीन किंवा फरसबंदी आतल्या फ्लोअरपेक्षा वर आलीय का, बंद केलेल्या चिमणीत हवा खेळतेय का. यातलं बहुतेक एका दुपारचं काम असतं आणि त्याला कुणाची परवानगी लागत नाही. अशा घरांसाठी १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने सुरू केलेली एक सोसायटी आहे, एसपीएबी म्हणतात तिला, त्यांचं साहित्य आणि सल्ला जरूर बघा, ओल आणि चुना यावर त्यांच्याइतकं सरळ कुणी सांगत नाही.

आता तुरुंग. हो, कायद्यात आहे. कन्सेंट लागणारं काम कन्सेंटशिवाय करणं हा गुन्हा आहे, जास्तीत जास्त दोन वर्षांची शिक्षा, दंडाला वरची मर्यादा नाही, आणि दंड ठरवताना त्या कामातून तुम्हाला किती पैशाचा फायदा झाला किंवा होणार होता तेही कोर्ट बघतं. घरमालकांना तुरुंगात टाकतात असं सर्रास होत नाही, दंड आणि पूर्ववत करायचा खर्च हेच जास्त, पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, ‘घर लिस्टेड आहे हे मला माहीत नव्हतं’ किंवा ‘बिल्डरने सांगितलं चालतं’ हा बचाव होत नाही. दोन, करणारा आणि करवून घेणारा दोघंही जबाबदार, म्हणजे बिल्डरही अडकतो, आणि हे त्याला सांगितलंत की त्याचा आवाज बदलेल.

कायद्यात बचाव एकच आहे आणि तो अरुंद आहे. वादळात चिमणी झुकली, कधीही रस्त्यावर पडेल, अशा वेळी लोकांच्या जिवासाठी, आरोग्यासाठी किंवा इमारत वाचवायला तातडीने काम करावंच लागलं, टेकू देऊन किंवा तात्पुरती दुरुस्ती करून भागणार नव्हतं, आणि गरजेपुरतं कमीत कमी केलं, तर ते मान्य होऊ शकतं. पण शक्य तितक्या लवकर काउन्सिलला सविस्तर लेखी कळवावं लागतं. तुमची ओल यात बसत नाही.

आधीच्या मालकाची फायरप्लेस. हा पत्रातला सगळ्यात नाजूक भाग आहे. तिने किंवा त्याने केलेल्या गुन्ह्यासाठी तुमच्यावर खटला होणार नाही, ते काम तुम्ही केलेलं नाही. पण काउन्सिल एन्फोर्समेंट नोटीस काढू शकतं आणि ती आजच्या मालकाला लागू होते, म्हणजे तुम्हाला. साध्या प्लॅनिंगच्या उल्लंघनाला काही वर्षांनी मुदत संपते, लिस्टेड इमारतीच्या नोटिशीला तशी मुदतच नाही. वॉरविकशायरमधलं एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं. मालकाने बागेतले अठराव्या शतकातले शिशाचे दोन कलश २००९ मध्ये लिलावात विकले, ते स्वतंत्रपणे लिस्टेड होते हे त्याला ठाऊकच नव्हतं, काही वर्षांनी काउन्सिलने ते परत बसवायची नोटीस काढली, कलश तोवर देशाबाहेर गेले होते. २०२० मध्ये कोर्टाने सांगितलं की ते कलश कायद्याच्या दृष्टीने मुळात ‘इमारत’ होते का हा प्रश्न मालक उपस्थित करू शकतो, पण तिथपर्यंत पोचायला त्या माणसाची किती वर्षं आणि किती पैसे गेले असतील याचा विचार करा. ‘घर पाडतील’ वगैरे मात्र मनातून काढा, नोटीस पूर्वीसारखं करा म्हणते, ते शक्य नसेल तर झालेलं नुकसान कमी होईल असं काहीतरी करा म्हणते.

आणि आता तो इन्शुरन्स. या पॉलिसींमध्ये बहुतेक वेळा अट असते की त्या विषयावर तुम्ही काउन्सिलशी संपर्क करायचा नाही, केलात तर कव्हर जातं. म्हणून माझा सल्ला वाचून उत्साहाने लगेच काउन्सिलला फोन लावून ‘आमच्या वरच्या खोलीतली फायरप्लेस’ असं सांगायला जाल तर ते हात दाखवून अवलक्षण होईल. आधी पॉलिसीचा कागद शोधा, सॉलिसिटरला अटी विचारा, भिंत आणि खिडक्यांसाठी काउन्सिलचा ऑफिसर घरी येणार आहे आणि त्याला वरचं दिसू शकतं हेही सांगा, आणि त्याचं उत्तर ईमेलवर घ्या. तुम्ही आता जे नवीन काम कराल त्याच्याशी त्या पॉलिसीचा काही संबंध नाही, ते पूर्ण तुमच्या अंगावर आहे. फायरप्लेसचा विषय मोकळा करायचं ठरलंच तर आहे तसं ठेवण्यासाठी कन्सेंट मागता येतो, पण तो मिळाल्या दिवसापासूनच लागू होतो, मागचा गुन्हा पुसत नाही. म्हणूनच स्वतःच्या कामाच्या बाबतीत ‘आधी करू, मग परवानगी मागू’ हे वरातीमागून घोडं कृपा करून नको.

सॉलिसिटरचं झालं की काउन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसरकडे, म्हणजे जुन्या इमारतींचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. अर्जाच्या आधीचा सल्ला मिळतो, त्याला बरीच काउन्सिलं पैसे घेतात, तरी घ्या. तोंडी ‘हो चालेल’ वर विसंबू नका, तो माणूस बदलून गेला की काहीच हातात राहत नाही. खुद्द लिस्टेड बिल्डिंग कन्सेंटच्या अर्जाला फी नाही, हे लोकांना माहीत नसतं. खर्च होतो तो नकाशांचा आणि हेरिटेज स्टेटमेंटचा, म्हणजे या घरात महत्त्वाचं काय आहे आणि तुमच्या कामाने त्यावर काय परिणाम होईल ते लिहून द्यायचं. इथे कंजूषपणा करू नका, जुन्या घरांवर काम केलेला आर्किटेक्ट घ्या, अर्ज इथेच तरतो नाहीतर बुडतो. साधारण आठ आठवड्यांत निर्णय अपेक्षित असतो, कधी लांबतो. मिळाला की सहसा तीन वर्षांत काम सुरू करायचं, आणि अटी असतील (चुन्याच्या गिलाव्याचा नमुना दाखवा, खिडकीचं डिटेल दाखवा) तर त्या आधी पूर्ण करायच्या, कारण अट मोडणं हाही गुन्हाच. नकार आला तर सहा महिन्यांत अपील करता येतं. आणि एखाद्या कामाला कन्सेंट लागतो की नाही हेच कळत नसेल तर प्रस्तावित काम कायदेशीर असल्याचं सर्टिफिकेट मागता येतं, त्यालाही फी नाही, घर विकताना तो कागद सोन्यासारखा उपयोगी पडतो. हे सगळं इंग्लंडचं सांगतेय. स्कॉटलंडमध्ये ए, बी, सी अशा कॅटेगरी आहेत, वेल्सचा आता स्वतःचा कायदा आहे, तिकडचे कुणी वाचत असतील तर आपापल्या ठिकाणचं तपासा.

बाबांना काय सांगायचं? त्यांचा राग मला समजतो, कर्ज काढून घर घ्यायचं आणि भिंतीसाठी अर्ज करायचा हे कुणालाही खटकेल. त्यांना एवढंच सांगा की हे बंधन घर घेताना कागदावर होतं, तुमच्या आधीच्या प्रत्येक मालकावर होतं, आणि तुम्हाला जे घर बघताक्षणी आवडलं ते या बंधनामुळेच तसं शिल्लक राहिलंय. पुढे विकायला काढाल तेव्हा घेणाऱ्याचा वकील हेच कागद मागणार, जसे तुमच्या वकिलाने फायरप्लेसचे मागितले.

या हिवाळ्यात भिंत होणार नाही, ते धरूनच चाला. तोवर घराच्या प्रत्येक खोलीचे फोटो काढून तारखेसकट ठेवा, म्हणजे तुम्ही ताबा घेतला तेव्हा काय होतं आणि काय नव्हतं ते कुणी विचारलं तर दाखवता येईल. पन्हाळं साफ करून घ्या. आणि पुढच्या खिडक्यांच्या दोन्ही बाजूंचं लाकडी पॅनेलिंग जरा नीट बघा, त्या काळच्या घरांत आत दुमडणारी लाकडी शटर्स असायची आणि रंगाचे थरावर थर चढून ती तिथेच चिकटून बसलेली असतात, आहेत की नाही हेही मालकांना ठाऊक नसतं. सापडली तर एखाद्या सुताराला, जुन्या सॅशचं काम येणाऱ्याला, ती हलक्या हाताने मोकळी करून द्यायला सांगा. रात्री ती बंद करून वर जाड पडदे ओढलेत तरी खोली पुष्कळ उबदार राहील.